तिफणीपासून पोर्टफोलिओपर्यंत

बीड जिल्ह्यातल्या नांदूरघाटसारख्या गावांत बलुतेदारी होती तोवर शिकणे आणि कामाला लागणे वेगळे नव्हते. तिफणीच्या चाड्याला भोके पाडताना, नळे बसवताना सुताराचा मुलगा रचना शिके; शेतकरी पेरणीतच ती पारखून घेई. 1857 साली मुंबईत जे. जे. कलाशाळा निघाली, शिक्षण वर्गात गेले. तरी 1891 मध्ये तिलाही कार्यशाळांची जोड द्यावी लागली. म्हणजे डिझाइनच्या विद्यार्थ्याची इंटर्नशिप ही जुनीच उमेदवारी आहे.

कुणी म्हणेल, बलुतेदारी जातीने जखडलेली होती. खरेच आहे, आणि ते बंधन तुटलेच पाहिजे. पण शिकवण घ्यावी: पोर्टफोलिओत नुसती देखणी चित्रे नकोत, वापरणाऱ्याने काय सांगितले, त्यावरून काय बदलले, तेही हवे. आणि उमेदवारीला मोबदला हवाच. बलुत्यातही धान्य मिळे.