चंद्राचे नकाशे आणि पाहणारी दृष्टि

चंद्र हा मनुष्याचा सर्वांत जवळचा आकाशस्थ सोबती. परंतु त्याचें मुख नीट ओळखण्यास मनुष्याला हजारों वर्षें लागलीं. त्यावरील डागांत कोणी ससा पाहिला, कोणी हरिण. खरा नकाशा दुर्बिणीनंतरच आला. १६०९ सालीं इंग्लंडांत टॉमस हॅरियट यानें दुर्बिणींतून पाहून चंद्राचें चित्र रेखिलें, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस इटलींत गॅलिलिओनें तेथील डोंगर व खळगे ओळखिले. प्रकाशाच्या सीमेपलीकडे, अंधारांत, एखादें शिखर एकटेंच चमकतांना दिसे. त्या शिखराच्या सीमेपासूनच्या अंतरावरून त्यानें पर्वताची उंची गणितानें काढिली. साधन अल्प, पण दृष्टि केवढी!

पुढें १६४७ सालीं डान्झिग येथील हेवेलियसनें ‘सेलेनोग्राफिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि पृथ्वीवरील पर्वतांचीं नांवें चंद्रावर नेलीं. त्यांपैकीं ॲपेनाइन्ससारखीं थोडींच टिकलीं; कारण १६५१ सालीं रिचोली व ग्रिमाल्डी या जेझुइट पंडितांनीं विवरांस ज्योतिर्विदांचीं व तत्त्ववेत्त्यांचीं नांवें देण्याची जी पद्धति घातली, तीच आजही रूढ आहे. कोपर्निकसाचें मत रिचोलीस अमान्य होतें. तरी एका तेजस्वी विवरास त्यानें त्याचेंच नांव दिलें. ज्यांस त्या काळीं ‘समुद्र’ म्हटलें, तीं थिजलेल्या लाव्हारसाचीं मैदानें ठरलीं. चूक कळली, नांव मात्र राहिलें. नकाशा हा ज्ञानाचा इतिहास खरा, पण अज्ञानाचाही.

तीन शतकें हें काम दुर्बीण बाळगणाऱ्या थोड्यांच्या हातीं होतें. १९५९ सालीं सोव्हिएत ‘लूना ३’ यानानें चंद्राची पाठ प्रथम दाखविली. २००९ सालीं अमेरिकेचें ‘लूनर रिकॉनिसन्स ऑर्बिटर’ चंद्राभोवतीं फिरूं लागलें, आणि त्याचीं चित्रें व उंचीचीं मापें आंतरजालावरील नकाशांतून सर्वांस खुलीं झालीं. २०१२ सालीं तर ‘ग्रेल’ या जुळ्या यानांवरील कॅमेऱ्यांनीं कोणते प्रदेश टिपावे, हें शाळकरी मुलांनीं सुचविलें. आज विद्यार्थी पडद्यावर ॲपेनाइन्सवरून एक रेघ ओढतो, आणि क्षणार्धांत त्या पर्वताचा उभा छेद त्याच्यासमोर येतो.

येथें एक शंका उद्भवते. ज्यासाठीं गॅलिलिओस गणित मांडावें लागलें, तें आयतें मिळाल्यावर विद्यार्थ्याच्या बुद्धीस काय उरलें? उरलें तें पाहणें. पडद्यावरही विवर कधीं कधीं टेकाडासारखें भासतें. प्रकाश कोणत्या बाजूनें येतो हें ज्यानें ताडिलें नाहीं, त्यास उत्तम नकाशाही फसवितो. २०१९ च्या सप्टेंबरांत भारताचें ‘विक्रम’ हें यान चंद्रावर उतरतांना कोसळलें. त्या भागाचीं अमेरिकन यानानें घेतलेलीं चित्रें सर्वांसमोर होतीं. चेन्नईच्या षण्मुग सुब्रमणियन या अभियंत्यानें जुनें व नवें चित्र शेजारीं ठेवून चिकाटीनें ताडून पाहिलें आणि एक अनोळखी ठिपका हेरला. तो यानाचाच अवशेष असल्याचें ‘नासा’नें त्या डिसेंबरांत मान्य केलें. चित्र सर्वांचें होतें, दृष्टि त्याची.

म्हणून शिक्षकांनीं हा नकाशा मुलांच्या हातीं देतांना एकच अट घालावी. शुद्ध अष्टमीच्या रात्रीं प्रथम गच्चीवर जावें, चंद्र डोळे भरून पाहावा, दिसेल तसा कागदावर रेखाटावा. आणि मगच पडदा उघडावा. आपल्या हातून काय निसटलें हें ज्यास तेथें कळेल, त्याच्यापुरता तो नकाशा पुन्हा नवा होईल.