वेस गेली, नाव राहिले

बेळगावच्या रिक्षावाल्याला ‘बसवेश्वर सर्कल’ सांगा नाहीतर ‘गोवावेस’, तो सोडणार एकाच ठिकाणी. वेस मात्र शोधूनही सापडायची नाही. गोवावेस गोव्याच्या वाटेवरची, काकतीवेस काकती गावाच्या. बोगारवेशीला दिशेऐवजी माणसे चिकटली: बोगार म्हणजे तांब्यापितळेच्या भांड्यांचा धंदा करणारे जैन.

पेठेत शिरले की आडनावे सुरू होतात. कडोलकर गल्लीतली कडोली जवळचीच. अनसूरकर गल्लीतले अणसूर थेट वेंगुर्ल्याकडचे आणि नार्वेकर गल्लीतले नार्वे गोव्यातले. रेल्वे येण्याआधी वेंगुर्ले बंदरातला माल घाट चढून बेळगावात यायचा. मालामागोमाग माणसेही वर आली असणार.

किर्लोस्कर रोडची गोष्ट मात्र गमतीची आहे. १८८८ साली किर्लोस्कर बंधूंनी बेळगावात सायकलचे दुकान काढले. सायकली विकायच्या, दुरुस्त करायच्या, वर गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचे. पुढे लक्ष्मणराव कडबा कापायची यंत्रे आणि लोखंडी नांगर करू लागले. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत, त्यामुळे पहिले नांगर विकले जाईनात. तो धंदा कुठे मार्गी लागतो, तोवर नगरपालिकेची नोटीस आली: ठळकवाडी ही नवी वसाहत करायची आहे, कारखाना हलवा. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळचा माळ देऊ केला आणि १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. ज्यांना गावाने उठवले, त्यांचेच नाव गावातल्या रस्त्याला! नगरपालिकांची कृतज्ञता अशी सवडीने पोचते.

ज्या ठळकवाडीसाठी हे सारे झाले, तिचीही टिळकवाडी झाली. जुने नाव आता ठळकवाडी हायस्कूलच्या पाटीवर तग धरून आहे. शेजारचा काँग्रेस रोड डिसेंबर १९२४ च्या अधिवेशनाचा. गांधीजी काँग्रेसच्या अध्यक्षपदी बसले ते आयुष्यात एकदाच, आणि ते इथेच.

निपाणीत एका नावाला नगरपालिकेची वाटच पाहावी लागली नाही. मार्च १९८१ मध्ये तंबाखूला भाव मिळावा म्हणून शरद जोशींच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकरी पुणे-बंगळूर महामार्गावर येऊन बसले. बैलगाड्या रस्त्यावर, चुली रस्त्यावर, भजनेही तिथेच. या मुक्कामाचे नाव पडले आंदोलननगर. ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार करून ते उठवले.