मालकी, वितरण आणि व्हिडिओ गेम व्यवसाय : विशाल गोंदल यांच्या कारकिर्दीचा अभ्यास

प्रस्तावना :

मुळशी तालुक्याची ओळख दीर्घकाळ टाटांचे धरण आणि सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखालील 1921 चा सत्याग्रह यांच्याशी निगडित होती. विसाव्या शतकाच्या अखेरीस याच तालुक्यातील हिंजवडी-माण परिसरात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान विकसित केले आणि भातखाचरांच्या जागी सॉफ्टवेअर कंपन्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. तेथील बहुतांश काम परदेशी ग्राहकांच्या मागणीनुसार होणारे, म्हणजेच सेवा स्वरूपाचे होते. त्याच सुमारास मुंबईत एका तरुण उद्योजकाने वेगळी वाट धरली. परक्यासाठी आज्ञावली लिहिण्याऐवजी स्वतःच्या नावाने खेळ तयार करून विकण्याची ही वाट होती. विशाल गोंदल यांची व्यावसायिक कारकीर्द म्हणूनच माहिती तंत्रज्ञानाच्या महाराष्ट्रातील इतिहासात स्वतंत्र अभ्यासाचा विषय ठरते.

इंडियागेम्सची स्थापना व वाढ :

गोंदल यांनी 1999 मध्ये 'इंडियागेम्स' ही कंपनी स्थापन केली. त्या वर्षीच्या कारगिल युद्धाच्या पार्श्वभूमीवरील 'योद्धा' हा संगणकावरील खेळ कंपनीच्या प्रारंभीच्या निर्मितींपैकी होय. तथापि घरोघरी संगणक नव्हता आणि ज्यांच्याकडे होता त्यांना चोरट्या सीडी सहज मिळत. या बाजारात पैसा नाही, हे ओळखून कंपनी मोबाइल संचाकडे वळली. गोंदल यांचे खरे व्यापारी चातुर्य या निर्णयात दिसते. क्रिकेट व चित्रपटांवर आधारित छोटे खेळ तयार होऊ लागले आणि त्यांचे शुल्क ग्राहकाच्या मोबाइल बिलातून किंवा प्रीपेड शिलकेतून वजा होऊ लागले. क्रेडिट कार्ड नसलेला महाविद्यालयीन विद्यार्थीही त्यामुळे ग्राहक बनला.

परंतु ही सोय महागात पडणारी होती. ग्राहक दूरसंचार कंपनीचा, वसुली तिची, खेळ कोणत्या क्रमाने दाखवायचे हा अधिकारही तिचाच. साहजिकच उत्पन्नातील मोठा वाटा तिच्याकडे जाई व निर्मात्याच्या हाती उरलेला भाग येई. शेतमालाच्या अडतीची आठवण करून देणारी ही व्यवस्था होती. अशा स्थितीत मोठा, खर्चिक खेळ स्वबळावर तयार करण्याइतके भांडवल कंपनीकडे साचणे कठीण होते.

मालकीतील स्थित्यंतरे :

भांडवलाची ही गरज बाहेरून भागविली गेली. 2004-05 मध्ये चीनमधील 'टॉम ऑनलाइन' कंपनीने इंडियागेम्समधील बहुमताचा हिस्सा घेतला. 2007 मध्ये बहुमताची मालकी 'यूटीव्ही'कडे आली. 2012 मध्ये 'डिस्ने'ने यूटीव्हीचे अधिग्रहण पूर्ण केल्यावर इंडियागेम्सही त्या समूहात गेली. या सर्व बदलांत गोंदल कंपनीच्या प्रमुखपदी राहिले, ही बाब विशेष लक्षणीय आहे. संस्थापक मालकाचे रूपांतर येथे व्यवस्थापकात झालेले दिसते. 2013 मध्ये ते डिस्नेतून बाहेर पडले आणि 2014 मध्ये त्यांनी 'गोकी' ही आरोग्यविषयक कंपनी सुरू केली. मुंबईतच इंडियागेम्सच्या स्थापनेच्या सुमारास सुरू झालेल्या 'नझारा'चे संस्थापक नितीश मित्तरसेन यांनी निराळा मार्ग अनुसरला. त्यांची कंपनी मार्च 2021 मध्ये शेअर बाजारात नोंदली गेली. दोघांची तुलना सविस्तर करण्यासारखी आहे.

पुनरागमन :

2 सप्टेंबर 2020 रोजी केंद्र शासनाने 'पबजी मोबाइल'वर बंदी घातली. त्यानंतर दोनच दिवसांनी 'फौजी' या खेळाची घोषणा झाली. 'एनकोअर गेम्स' या बंगळूरच्या कंपनीच्या या खेळामागे गोंदल यांचे पाठबळ होते. गलवानच्या संघर्षावर आधारित हा खेळ 26 जानेवारी 2021 रोजी प्रसिद्ध झाला. कारगिलपासून गलवानपर्यंत राष्ट्रभावना हा त्यांच्या व्यवसायाचा आधार कायम राहिला, असे म्हणता येते. खेळ ग्राहकापर्यंत पोचविण्याची वाट मात्र याही वेळी इतरांच्याच ताब्यात होती. दूरसंचार कंपनीच्या जागी आता गूगलचे प्ले स्टोअर आले होते आणि त्याचे प्रचलित कमिशन दीर्घकाळ 30 टक्के राहिले होते.

पुण्यातील अनुभवही येथे नोंदविला पाहिजे. 'युबिसॉफ्ट' या फ्रेंच कंपनीने 2008 मध्ये पुण्यातील स्टुडिओ 'गेमलॉफ्ट'कडून घेतला. तेथील व मुंबईतील चमूंकडे सोपविलेली 'प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम'ची नवी आवृत्ती 2020 मध्ये जाहीर झाली आणि मे 2022 मध्ये ते काम कंपनीच्या मॉन्ट्रियल येथील स्टुडिओकडे वर्ग करण्यात आले.