अनाहिता

अनाहिता : मुलीचे एक विरळ नाव. अवेस्ता भाषेतील हे मूळचे विशेषण असून त्याचा अर्थ ‘निष्कलंक’, ‘निर्मळ’ असा आहे. ‘अन्’ हा नकारार्थी उपसर्ग व ‘आहित’ (मलिन) हे पद यांपासून ते बनले. स्वरापूर्वी येणारा हाच उपसर्ग संस्कृतमधील अनंत, अनादी या शब्दांतही आढळतो. इराणी व भारतीय आर्य भाषांच्या समान उगमाचे ते एक गमक होय. तथापि संस्कृतमध्ये ‘आहित’ म्हणजे ‘स्थापिलेले’ (उदा., आहिताग्नी). त्यामुळे केवळ ध्वनिसाम्यावरून या नावाचा संस्कृत अर्थ लावणे योग्य ठरत नाही.

अवेस्तातील पाचव्या यश्तात (आबान यश्त) जलदेवतेचे स्तवन असून तेथे तिला ‘अरेद्वी सूरा अनाहिता’ म्हटले आहे. यांतील ‘सूरा’ हे पद संस्कृत ‘शूर’ शब्दाशी संबद्ध आहे. या देवतेचे मूळ नाव ‘हरह्वती’ म्हणजेच सरस्वती असावे, असे काही विद्वानांचे मत आहे. कालांतराने मूळ नाव मागे पडून विशेषणालाच विशेषनामाचे स्थान मिळाले.

इराणचा हखामनी सम्राट दुसरा आर्टाझर्क्सीझ (कार. इ. स. पू. ४०४–३५८) याच्या कोरीव लेखांत अहुर मज्द व मिथ्र यांच्या जोडीने अनाहितेचा उल्लेख येतो. त्यापूर्वीच्या हखामनी राजांच्या प्राचीन फार्सी लेखांत सामान्यतः अहुर मज्दाखेरीज अन्य देवतेचा नामनिर्देश नाही; म्हणून हा उल्लेख महत्त्वाचा मानला जातो. पुढे ग्रीकांनी तिला ‘अनाइतिस’ म्हटले व लिडियात तिची आर्टेमिस देवतेशी सांगड घातली. आर्मेनियात ती ‘अनाहित’ या नावाने पूजिली जाई.

व्यक्तिनामातील या शब्दाचा एक जुना पुरावा इ. स. तिसऱ्या शतकातील आहे. सासानी सम्राट पहिला शापूर याच्या शिलालेखात त्याच्या ‘आदुर-अनाहीद’ नामक कन्येचा निर्देश आहे (आदुर–अग्नी). चौथ्या शतकाच्या आरंभी आर्मेनियाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला व तेथील अनाहितेची उपासना संपली. नाव मात्र मुलींना आजही दिले जाते. इस्लामोत्तर इराणात त्याचे ‘नाहीद’ हे रूप शुक्र ग्रहाचे व स्त्रियांचे नाव म्हणून रूढ झाले. भारतात ते मुख्यतः पारशी समाजात, अनाहिता व अनाइता या रूपांत आढळते; याच देवतेशी निगडित ‘आबान’ (जल) हेही पारशी स्त्रीनाम आहे. उपासना लोप पावली, तरी नाव टिकते, याचे हे ठळक उदाहरण होय.