बोलती पुस्तके व सुवाह्य ध्वनिवाचक

बोलती पुस्तके व सुवाह्य ध्वनिवाचक : मुद्रित मजकूर डोळ्यांनी वाचणे शक्य नसलेल्या व्यक्तींसाठी ध्वनिमुद्रित केलेल्या ग्रंथांना ‘बोलती पुस्तके’ म्हणतात. ती ऐकण्याचे आणि स्वतःचे ध्वनिमुद्रण करण्याचे हातात मावणारे अंकीय साधन म्हणजे सुवाह्य ध्वनिवाचक होय. ब्रेल ग्रंथ अवजड असतात. शिवाय प्रौढ वयात दृष्टी गमावलेल्यांना ब्रेल लिपी सहसा चटकन आत्मसात होत नाही. त्यामुळे अशा अनेकांचे वाचन या साधनावरच अवलंबून असते.

टॉमस आल्वा एडिसन यांनी १८७७ मध्ये फोनोग्राफ तयार केला व पुढील वर्षी त्याचे संभाव्य उपयोग सांगताना अंधांसाठी बोलणाऱ्या पुस्तकांचा उल्लेख केला. प्रत्यक्षात ती अमेरिकेत १९३४ मध्ये व ब्रिटनमध्ये १९३५ मध्ये, संथ गतीने फिरणाऱ्या तबकड्यांवर उपलब्ध झाली. पुढे तबकड्यांची जागा कॅसेटने घेतली. मुंबईत १९५२ मध्ये स्थापन झालेल्या ‘नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड’ या संस्थेच्या वरळी येथील केंद्राने मराठीसह अनेक भाषांतील पुस्तके ध्वनिमुद्रित केली. वाचनाचे काम बहुतांशी स्वयंसेवकांनी केले.

कॅसेटची खरी अडचण शोधाची होती. बारा तासांच्या ग्रंथाला नव्वद मिनिटांच्या आठ कॅसेट लागत. त्यांतील एखादा परिच्छेद पुन्हा ऐकावयाचा तर फीत पुढेमागे फिरवीत बसावे लागे. कथा-कादंबरी ऐकणाऱ्यास हे एकवेळ चाले; परीक्षेस बसणाऱ्या विद्यार्थ्याचे मात्र त्यात तासच्या तास जात.

ही उणीव स्वीडनमध्ये सुरू झालेल्या ‘डेझी’ पद्धतीने दूर केली. तिच्या प्रसारासाठी १९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला. या पद्धतीत प्रकरण, उपप्रकरण व पृष्ठ यांच्या खुणा ध्वनीशी जोडलेल्या असतात. त्यामुळे हवे ते पृष्ठ थेट गाठता येते. सेकंदाला ६४ किलोबिट या दराने एका तासाच्या वाचनास सुमारे २९ मेगाबाइट जागा लागते. म्हणजे दहा तासांची सत्तावीस पुस्तके आठ गिगाबाइटच्या कार्डावर सहज मावतात. कॅनडातील ‘व्हिक्टर रीडर स्ट्रीम’ (२००७) व जपानी ‘प्लेक्सटॉक पॉकेट’ ही या पद्धतीची खिशात मावणारी प्रमुख यंत्रे होत.

सामान्य ग्राहक यंत्र घेताना आवाजाची प्रत व किंमत पाहतो. दृष्टिहीनाने आधी पाहावयाचे ते निराळे : प्रत्येक कळ बोटांना वेगळी लागते काय आणि ती दाबल्यावर काय घडले हे यंत्र बोलून सांगते काय. ध्वनिमुद्रणात हा प्रश्न अधिकच गंभीर होतो. मुद्रण सुरू झाले की नाही हे केवळ दिव्याने दर्शविणाऱ्या यंत्रावर विसंबल्यास संपूर्ण व्याख्यान हातचे जाऊ शकते. पुसण्यापूर्वी यंत्राने विचारलेच नाही तर आधीचेही जाते. साध्या संगीतवादकांतील याद्या पडद्यावरच दिसत. ‘रॉकबॉक्स’ या मुक्त आज्ञावलीने त्यांपैकी काहींना बोलते केले, परंतु ती बसविण्याचे काम नवख्याचे नव्हे.

२००९ पासून स्पर्शपटलाचे दूरध्वनीही पडद्यावरील मजकूर वाचून दाखवू लागले आणि स्वतंत्र यंत्राची गरज पुष्कळांपुरती संपली. वृद्धांना मात्र गुळगुळीत काचेपेक्षा उठावाच्या कळा सोयीच्या वाटतात.

यंत्राइतकेच महत्त्व त्यात भरावयाच्या पुस्तकांना आहे. वर्सोवा–अंधेरी हा चित्रपट व दूरचित्रवाणी व्यवसायाचा परिसर. ध्वनिमुद्रणशाळा व आवाजाचे कलावंत तेथे विपुल. २०१७ मध्ये भारतात आलेल्या ‘स्टोरीटेल’सारख्या सेवांमुळे मराठी श्राव्य पुस्तकांना बाजारपेठही मिळाली. तथापि अशी पुस्तके त्या त्या सेवेच्या दूरध्वनी-आज्ञावलीतच ऐकता येतात; कार्डावर घेऊन कळांच्या यंत्रात घालता येत नाहीत. दृष्टिहीनाच्या दृष्टीने ही मोठीच उणीव आहे. २०१२ च्या प्रतिलिप्यधिकार दुरुस्तीने मुद्रित मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी सुगम प्रती तयार करण्यास मालकाच्या परवानगीची अट काढून टाकली. याच उद्दिष्टाच्या २०१३ च्या माराकेश करारास सर्वप्रथम अनुसमर्थन भारताने दिले (२०१४). ‘सुगम्य पुस्तकालय’ हे आंतरजालावरील ग्रंथालय २०१६ मध्ये सुरू झाले. तेथून उतरवून घेतलेली डेझी पुस्तके अशा यंत्रांत ऐकता येतात. केवळ मजकुराच्या स्वरूपातील मराठी पुस्तक वाचण्यासाठी मात्र यंत्रात मराठी संश्लेषित वाणी असावी लागते, आणि परदेशी बनावटीचे यंत्र घेण्यापूर्वी ती आहे की नाही याची खात्री करून घेणे आवश्यक ठरते.