खारबांधावरून कोर्लईपर्यंत: जे गेले नाहीत त्यांचा इतिहास

आजच्या भागात सायकल थोडी आणि इतिहास जास्त आहे. अलिबाग म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं? बीच, कुलाबा किल्ला आणि रविवारी संध्याकाळचं वडखळचं ट्रॅफिक. मी ज्या अलिबागबद्दल बोलणार आहे ते यापासून थोडं आत आहे, आणि तिथे कार जात नाही.

आधी सायकलचं सांगून टाकतो. माझ्याकडे ग्रॅव्हल बाईक आहे. हँडल रेसिंग सायकलसारखं खाली वळलेलं, पण टायर जाड, चाळीस मिलिमीटरचे. हवा जरा कमी ठेवली की माती, खडी, जांभ्या दगडाची पाखाडी, सगळीकडे चालते. भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचमध्ये सायकल चढवायची, रेवसला उतरायचं आणि डांबरी रस्ता सोडून धरमतरच्या खाडीच्या बाजूला वळायचं. तिथून शेतं, गावं, चौल, रेवदंडा करत कोर्लईपर्यंत. फिरत फिरत साठेक किलोमीटर होतात.

खाडीजवळ पोहोचलात की पायाखाली येतो खारबांध. दिसायला साधा मातीचा उंचवटा. एका बाजूला चिखल, तिवरं आणि भरतीचं पाणी. दुसऱ्या बाजूला भातशेती, आणि ती शेती भरतीच्या पाण्यापेक्षा खाली! म्हणजे हा बांध नसता तर ती जमीन समुद्राचीच होती. बांधाला मध्ये मध्ये दारं असतात, त्यांना उघाडी म्हणतात. भरतीला दार बंद, खारं पाणी आत येत नाही. ओहोटीला उघडायचं, आतलं पावसाचं पाणी बाहेर जातं. नव्या जमिनीत पहिली काही वर्षं फारसं पिकत नाही, कारण मीठ. पाऊस ते हळूहळू धुऊन काढतो आणि मग खाऱ्या जमिनीत तग धरणारा भात येतो. (शेताजवळच्या तळ्यात जिताडा मासा पाळतात. तो खाल्ला नसेल तर तुमची अलिबाग ट्रिप अर्धीच झाली, असं माझं स्पष्ट मत आहे.)

नेदरलँड्सने समुद्र अडवून जमीन मिळवली, हे आपण शाळेत शिकतो. तेच काम पेण-अलिबागच्या शेतकऱ्यांनी फावडं आणि घमेलं घेऊन केलं, हे मात्र मला कुठल्याच शाळेत कुणी सांगितलं नाही.

आता, बांध घालायचा म्हणजे पैसा लागतो. तो ज्याने घातला त्याला जमिनीवर हक्क मिळाला. माती ज्यांनी वाहिली त्यांना मिळालं कूळ म्हणून राबणं. वर खोत. पिकाचा मोठा वाटा खोताच्या घरी, शिवाय वेठ, म्हणजे फुकटची कामं.

बांधावरून आत आलं की चरी नावाचं गाव लागतं. २७ ऑक्टोबर १९३३ ला इथे शेतकऱ्यांची सभा झाली आणि ठरलं की खोताची जमीन कसायचीच नाही. नारायण नागू पाटील हे पुढारी. पंचवीस गावं संपात उतरली. गिरणी कामगाराचा संप असेल तर गिरणी बंद पडते. शेतकऱ्याच्या संपात त्याची स्वतःची चूल बंद पडते. तरीही हा संप जवळपास सहा वर्षं चालला! लोकांनी जंगलातला लाकूडफाटा विकला, मिळेल तिथे मजुरी केली आणि जमिनी पडीक ठेवल्या. १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीला परिषदेसाठी आले. १९३७ मध्ये त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. पुढे १९३९ आणि १९४८ चे कूळकायदे आले आणि खोती गेली. कूळकायद्याचा इतिहास सांगताना चरीचं नाव घ्यावंच लागतं. पण बीचवर जाणाऱ्या गाड्या चरीजवळून सुसाट निघून जातात.

यातला एक धागा मला फार अस्वस्थ करतो. पूर्वी जमीनमालक बांधाच्या डागडुजीसाठी म्हणून शेतकऱ्यांकडून जास्तीचं भात घ्यायचा. ते जाचकच होतं, पण त्यातून बांधावर माती पडायची. मालक गेला, जमीन कुळाची झाली, हे योग्यच झालं. मग बांध कुणाचा? सरकारी योजनेतला बांध सरकार बघतं. खासगी बांध मात्र शेतकऱ्यांनीच मिळून सांभाळायचा, आणि अर्धी पोरं नोकरीला मुंबईत. किल्ला बांधून सोडून दिला तरी चारशे वर्षं उभा राहतो. बांधाला दरवर्षी माती लागते. एखाद्या मोठ्या उधाणाला खांड पडली की खारं पाणी शेतात, आणि पुढची काही वर्षं पीक नाही. तोवर तिवरं उगवली तर ती तोडायला कायद्याने बंदी, आणि ती बंदीही चुकीची नाही, कारण किनारा तीच धरून ठेवतात. म्हणजे शेत गेलं ते गेलंच. असे पट्टे सायकलवरून स्पष्ट दिसतात: पाण्यात उभी तिवरं आणि त्यांच्यामध्ये जुन्या वावरांच्या बांधांच्या सरळ रेघा.

एक विनंती. पावसाळ्यात बांधावर सायकल घालू नका. ओल्या मातीत चाकोरी पडते आणि पाणी तिथूनच वाट काढतं.

अलिबाग गाव मी पटकन पार करतो, कान्होजी आंग्र्यांवर आपण वेगळा भाग करू. नागाव ओलांडलं की चौल. आज चौलमध्ये नारळ-पोफळीच्या वाड्या, तळी, देवळं आणि भिंतींमधल्या अरुंद गल्ल्या आहेत. पण कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांमध्ये दान देणारे 'चेमूल'चे लोक आहेत, ते म्हणजे इथलेच. दहाव्या शतकात अरब प्रवासी मसूदी इथे आला आणि त्याने इथल्या मुसलमान वस्तीचा आकडा दहा हजार लिहून ठेवला. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन इथे उतरला, कारण दख्खनच्या सुलतानांना घोडे समुद्रापलीकडूनच आणावे लागत. चौलहून पाली, मग घाट चढून जुन्नर. तिथल्या सरदाराने घोडा जप्त केला, आणि निकितिनला तो महत्प्रयासाने परत मिळाला.

पुढे रेवदंडा. १५२० च्या दशकात निजामशहाच्या परवानगीने पोर्तुगीजांनी इथे कोट बांधला. आज डांबरी रस्ता त्या तटातूनच आरपार जातो. साळावचा पूल ओलांडून उजवीकडे वळलं की कोर्लई. डोंगरावर किल्ला, खाली गाव. १७३९ मध्ये वसई पडली आणि १७४० मध्ये चौल-कोर्लई मराठ्यांकडे आलं. पोर्तुगीज गेले.

पण सगळे गेले नाहीत. शिपायांची मिश्र कुटुंबं, त्यांच्या घरातले नोकर-गुलाम, आणि ख्रिस्ती झालेली इथलीच गरीब माणसं. यांना कोण कुठे नेणार? ती राहिली आणि शेती करू लागली. आजही वरच्या कोर्लईत त्यांची भाषा बोलली जाते. ते तिला 'नॉ लिंग' म्हणतात, म्हणजे आपली भाषा. शब्द बरेचसे पोर्तुगीज, पण वाक्याची ठेवण आपली: क्रियापद मराठीसारखं शेवटी. बोलणारे साधारण हजारभर. कोर्लईच्या कोळीवाड्यात मराठी, आणि थोडं वर चढलात की ही भाषा.

पोर्तुगीजांशिवाय ती पावणेतीनशे वर्षांहून जास्त टिकली, कारण हा समाज आपल्यातच लग्नं करत राहिला. हिंदू शेजाऱ्यांमध्ये तो बसत नव्हता, वरच्या थरातल्या ख्रिस्ती लोकांनी त्याला जवळ केलं नाही. आता तसं राहिलेलं नाही. शाळा मराठीत, चर्चमधली प्रार्थना मराठीत, नोकरी मुंबईत. गावात चहाला थांबलो होतो तेव्हा एक आजी नातवाला काहीतरी दटावत होती, त्या नॉ लिंगमध्ये. पोरगं मोबाईलवरून मान वर न करता मराठीत म्हणालं, "हो गं, येतो." तिला ते नीट कळलं आणि त्यालाही तिचं.