तालिकोटचे 'जर-तर'

१५६५ साली तालिकोटच्या रणांगणावर रामराय पडला नसता, तर विजयनगरचे साम्राज्य आधुनिक काळापर्यंत टिकले असते, असे पुष्कळदा प्रतिपादिले जाते. आमच्या मते हा प्रश्न चुकीच्या सालाला विचारला जात आहे. राजधानी उद्ध्वस्त झाली खरी. पण राज्य पेनुकोंडा व चंद्रगिरी येथून चालू राहिले आणि दुसऱ्या वेंकटाने (१५८६-१६१४) ते बरेचसे सावरलेही. घात केला तो त्याच्या मृत्यूनंतरच्या वारसायुद्धाने. वारस निर्विवाद असता, तर मदुरा-जिंजीचे नायक इतके सहजी स्वतंत्र होते ना. १६३९ साली मद्रासच्या जागेसाठी इंग्रजांना स्थानिक नायकाऐवजी प्रबळ सम्राटाकडेच जावे लागते. आणि त्याआधी, १६३८ साली, विजापूरकरांनी केंपेगौडाकडून घेतलेले बंगळूर शहाजीच्या जहागिरीत कदाचित आलेही नसते.